सात उद्गारांची वाटणी

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, जेवणं आटोपल्यावर पाळकांच्या घरात सात उद्गारांची वाटणी निघाली, आणि शेताच्या वाटणीला लाजवतील अशी भांडणं झाली.

वास्तविक सत्तावीस वर्षांत असा प्रसंग आलाच नव्हता. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना व्हायची, प्रभूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात उपदेश व्हायचे. दुसऱ्या गावी त्यासाठी सात वक्ते उभे राहत. कल्याणच्या मंडळीत सातही उपदेश एकटे अण्णा करायचे. अण्णांचा, म्हणजे पाळक रेव्हरंड हरिहर पाटोळ्यांचा, आवाजच तसा होता. चर्चच्या खिडक्या उघड्या असल्या की स्टेशनाकडे निघालेले टांगेवाले घोडा थांबवून ऐकत बसायचे, आणि आतले उतारू गाडी चुकेल म्हणून आरडाओरडा करायचे.

गेल्या नोव्हेंबरात मुंबईच्या डॉक्टरांनी अण्णांच्या गळ्यातली गाठ काढली. तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता अण्णा गळ्याच्या भोकातून श्वास घेत, त्यावर त्यांची बायको हौसाबाई रोज धुतलेला पांढरा रुमाल बांधून देत, आणि बोलायचं ते अण्णा पाटीवर लिहीत. लिहिलेलं चारचौघांत वाचून दाखवायचं काम हौसाबाईंकडे होतं. हे काम त्या आपल्या पद्धतीने करत. नोव्हेंबरपासून साऱ्या मंडळीत बोललं जात होतं की आजारपणाने अण्णा किती मवाळ झाले, किती गोड बोलू लागले. खरा प्रकार फक्त त्यांच्या मुलीला, उत्तराला, ठाऊक होता, कारण ती आईच्या शेजारी बसायची आणि तिला पाटी दिसायची.

आत्ताही दिसत होती. समोर खुर्चीत पंढरीनाथराव बसले होते. हे रिटायर पोस्टमास्तर, मंडळीच्या पंचांचे चिटणीस, आणि दर रविवारी उपासनेच्या शेवटी सूचना वाचण्याचा मान त्यांचा. अण्णांनी पाटीवर लिहिलं होतं, "या गाढवाला विचार, माझ्या घरात बसून माझी जागा कोणाला देतोय?"

"ते विचारताहेत, पंढरीनाथराव, चहात साखर बरोबर झालीय ना?" हौसाबाई म्हणाल्या.

"अगदी उत्तम," पंढरीनाथराव गहिवरले. "अण्णा, तुमचा हा स्वभाव बघून मला बोलायला जड जातं. पण पंचांचं ठरलंय. गुड फ्रायडेची उपासना तुमच्या घरच्यांनी नीट निभावली, तर ईस्टरनंतर शांतपणे विचार करू. नाही तर ठाण्याच्या पाळकांना बोलवावं लागेल, आणि मग नवा पाळक. आणि नवा पाळक आला म्हणजे..." त्यांनी छताकडे पाहिलं. हे घर पाळकाला मिळालेलं होतं. पाळक बदलला की घरही जाणार, हे सांगायची गरज नव्हती.

"मी तर कधीचा म्हणतोय," सुधीर म्हणाला. तो थोरला, ठाण्याच्या कोर्टात कारकून, आणि आज मुद्दाम बायकोला घेऊन आलेला. "अण्णांनी आता विश्रांती घ्यावी. सरळ राजीनामा द्यायचा आणि ठाण्याला यायचं आमच्याकडे. आहेत त्या दोन खोल्यांत राहू सगळे."

सरोजने नवऱ्याकडे पाहिलं. दोन खोल्यांपैकी एका खोलीत शिवणाचं मशीन होतं, ज्यावर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे परकर आणि पोलकी शिवायची. मशीन मूळचं याच घरातलं; सुधीरच्या लग्नात ते सरोजबरोबर ठाण्याला जायला नको होतं असं उत्तराचं मत होतं, आणि त्यावरून दोघींचं दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. आता मात्र दोघींनी एकदम एकमेकींकडे पाहिलं.

"राजीनामा कशाला?" सरोज म्हणाली. "उपासना निभावली तर प्रश्नच मिटला ना? सात जणांनी सात उद्गार घ्यायचे. सगळीकडे तसंच तर करतात."

"वहिनी बरोबर बोलतेय," उत्तरा म्हणाली, आणि हे वाक्य आपल्याच तोंडून निघाल्याचं तिला नवल वाटलं.

मग वाटणी सुरू झाली. घरात या सात उद्गारांना पूर्वीपासून टोपणनावं होती. पहिला क्षमेचा, दुसरा चोराचा, तिसरा आईचा, चौथा त्यागाचा, पाचवा तहानेचा, सहावा पूर्ण झाल्याचा आणि सातवा स्वाधीन करण्याचा.

"क्षमेचा वन्संनी घ्यावा," सरोजने सुचवलं.

"मीच का?"

"तुम्ही शाळेत शिकवता. मुलांना सारखी क्षमा करावी लागते, सवय असेल."

"मग आईचा तू घे. सासूला कसं सांभाळावं ते सांग सगळ्यांना."

"घेते. त्यात काय?" सरोज म्हणाली, आणि घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की म्हातारपणी आईची जबाबदारी कोणावर, यावर तिला भर चर्चमध्ये वीस मिनिटं बोलायचं आहे.

पंढरीनाथरावांना दुसरा दिला तेव्हा ते ताठ झाले. "चोराचा? मी तीस वर्षं पोस्टात काढली. पै इकडची तिकडे झाली नाही!"

"अहो, तो प्रभूच्या शेजारी टांगलेला, पश्चात्ताप झालेला चोर आहे," हौसाबाईंनी समजूत घातली. "स्वर्गात गेला तो. आणि सहावाही तुम्हीच घ्या, कार्य तडीस नेल्याचा. तो तर अगदी तुमचाच."

सहाव्याच्या आशेवर पंढरीनाथरावांनी चोर पदरात घेतला. सुधीरने तहानेचा उचलला, कारण सातांमध्ये तो सर्वांत छोटा, आणि बोलायचंच झालं तर कमीत कमी बोलावं असा त्याचा हिशेब. सातव्याला संडेस्कूलच्या मुलांनी नुसतं गीत म्हणायचं ठरलं. राहिला चौथा. देवाने आपल्याला का सोडलं, असं प्रभूने विचारलेला. त्याच्याकडे कोणी बघेना.

"दादा, तुझा छोटाच आहे. दोन घे," उत्तरा म्हणाली.

"मी? मी नाही. तो नको मला."

"मग त्यावरही गीत म्हणू," सरोज म्हणाली.

खडू वाजला. अण्णांनी पाटी हौसाबाईंकडे न देता सगळ्यांना दिसेल अशी धरली. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "चौथा माझा."

आवाज नसलेला माणूस उपदेश कसा करणार, हे विचारायचं धाडस पंढरीनाथरावांनाही झालं नाही. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि छत्री घेऊन निघाले.

आठवडा घोकंपट्टीत गेला. उत्तरा शाळेत जाता-येता क्षमा पाठ करत होती. ठाण्याला सरोज मशीनवर पाय मारता मारता आईच्या उद्गाराची तयारी करत होती आणि निम्मी पोलकी उलटी शिवून बसली होती. गुरुवारी संध्याकाळी ती आणि सुधीर कल्याणला आले. स्वयंपाकघरात शिरताच तिने उत्तराला हाक मारली.

"वन्सं, तुमची क्षमा झाली का पाठ?"

"झाली. पण म्हणताना सारखं मशीन डोळ्यांसमोर येतं."

दोघींना हसू फुटलं. हसता हसता सरोज म्हणाली, "खरं सांगू? परवा मी दोन खोल्यांकडे बघून बोलले. अण्णांकडे बघून नाही. पण हा आईचा उद्गार आठवडाभर वाचतेय, आणि वाटतंय, आले तर येऊ देत. मशीन सरकवू भिंतीकडे. पण अण्णांना इथून काढलं तर ते जगतील का?"

उत्तराला काळजी वेगळीच होती. रोज दिवेलागणीला घरची प्रार्थना व्हायची, एकेकजण आळीपाळीने बोलायचा, आणि अण्णा बोलू शकत नसले तरी शेवटी बोटाने टेबलावर टकटक करून आमेन म्हणायचे. गेले कित्येक आठवडे टकटक ऐकू येत नव्हती.

हौसाबाईंच्याही ते लक्षात आलं होतं. त्या रात्रंदिवस त्या माणसाबरोबर होत्या, त्यांच्या लक्षात येणारच. पण त्यांनी सवयीप्रमाणे त्याचाही गोड अर्थ लावून घेतला होता. हाताला मुंग्या येत असतील. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या पाळकीणबाई झाल्या तेव्हापासून त्यांनी चर्चमध्ये तोंड उघडलं ते गाण्यापुरतं. बोलायला घरात एक माणूस होता, तो दोघांचं बोलायचा. देवाशी बोलण्याचं कामही त्यांनी त्याच्यावरच टाकलेलं होतं. तोच देवाशी अबोला धरून बसला असेल, तर आपलं काय, हा विचार त्या चुलीच्या धुरात घालवून द्यायच्या.

शुक्रवारी बाराला चर्च खचाखच भरलं. एप्रिलचं ऊन कौलांवरून खाली उतरत होतं. रेल्वेतले लोक ड्यूटी बदलून आले होते, मानपाड्याकडची दोन घरं बैलगाडी करून आली होती. पाळक राहणार की जाणार, हे बघायला एरवी नाताळालाच दिसणारेही आले होते.

उत्तरा चांगली बोलली. फक्त क्षमेची उदाहरणं देताना ती पहिल्या बाकावरच्या सरोजकडे इतकी टक लावून बघत होती की लोकही सरोजकडे बघू लागले. पंढरीनाथरावांनी चोराचा इतका बचाव केला, की तो चोर नसून पोस्टातला गैरसमजात सापडलेला इसम असावा असं वाटावं. मग सरोज उभी राहिली. आठवडाभर पाठ केलेलं सगळं ती विसरली. म्हणाली, "इतक्या वेदनेत प्रभूला आईच्या राहण्याची सोय सुचली. मला आमच्या दोन खोल्या सुचल्या होत्या. मला लाज वाटली. एवढंच." आणि खाली बसली. सुधीरने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की जणू आजच ती बोहल्यावरून उतरली.

मग अण्णा उठले. काळा झगा, गळ्याला पांढरा रुमाल, हातात पाटी. ते व्यासपीठाच्या पायऱ्या चढले आणि हौसाबाईंकडे वळून त्यांनी हात पुढे केला. त्या वर गेल्या. आजवर त्या तिथे फक्त झाडायला गेल्या होत्या.

अण्णांनी लिहिलं. खडूचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. पाटी हौसाबाईंच्या हातात आली, आणि त्यांनी ती वाचली, मनातल्या मनात.

"पाच महिने मी प्रार्थना केलेली नाही."

खाली पंच ओळीने बसले होते. हे वाक्य पाळकाच्या नोकरीचं शेवटचं वाक्य ठरणार, हे हौसाबाईंना कळत होतं. त्यांच्या जिभेवर दुसरं वाक्य तयारही झालं होतं, छानसं, धीराचं. पाच महिने त्यांनी तेच तर केलं होतं. पण अण्णा त्यांच्याकडे बघत होते. ती नजर त्यांनी कधी पाहिली नव्हती. या माणसाने सत्तावीस वर्षं लोकांना खरं सांगितलं, आणि आज त्याच्या खऱ्या बोलण्याला सबंध जगात एकच तोंड होतं, ते त्यांचं.

"पाच महिने," त्या म्हणाल्या. "पाच महिने मी प्रार्थना केलेली नाही."

बाकांवर चुळबुळ झाली. पंढरीनाथरावांनी मान खाली घातली. अण्णांनी बाहीने पाटी पुसली, पुन्हा लिहिलं.

"मी देवाला विचारलं, तुझंच नाव घेणारा गळा तुला का हवा झाला?" हौसाबाईंनी वाचलं. त्या अडखळत होत्या, पण एक अक्षरही त्यांनी बदललं नाही. पाटी पुसली गेली, भरली. "मला उत्तर मिळालं नाही. अजूनही नाही."

सुधीरला वाटलं, संपलं. पुढच्या महिन्यात सामान हलवायचं. आणि त्याच क्षणी शेवटच्या बाकावरून, दाराजवळून, आवाज आला.

"मलाबी न्हाई मिळालं, अण्णा."

पोपट गायकवाड उभा होता. रेल्वेतला गँगमन, नगरकडचा. दोन वर्षांपूर्वी त्याची चार वर्षांची पोर, रतन, घटसर्पाने गेली. तेव्हा अण्णांनी कबरीपाशी पाऊण तास उपदेश केला होता. सांत्वनाची एकही गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. लोक अजून त्या उपदेशाचं नाव काढत. पोपट मात्र तेव्हापासून दाराजवळ बसू लागला होता, आणि त्याची बायको यायचीच बंद झाली होती.

"म्या लई इचारलं," पोपट म्हणाला. "मला वाटायचं, माझाच इश्वास कमी. म्हनून मागं बसतू." आणि सगळे बघताहेत हे ध्यानात आल्यावर तो घाईघाईने खाली बसला.

अण्णांनी खडू उचलला. या वेळी ते बराच वेळ लिहीत होते. पाटी भरली तशी त्यांनी ती उलटी केली आणि मागच्या बाजूला पुढचं लिहिलं. हौसाबाईंनी वाचलं ते आता न अडखळता वाचलं.

"पोपट, मी तुला पाऊण तास उत्तरं दिली. ती माझी होती, देवाची नव्हती. मला क्षमा कर. प्रभूलाही त्या दुपारी उत्तर मिळालं नाही. पण पाहा, त्याने विचारलं कोणाला? देवालाच. रागावला तोही देवावरच. दुसऱ्या कोणाकडे गेला नाही. पाच महिने मी समजत होतो की मी प्रार्थना सोडली. मी रोज त्याच्याशी भांडत होतो. आज कळलं, तीच माझी प्रार्थना होती, आणि तेवढी ती पुरली. त्या भांडणावरच मी जगलो."

वाचून झालं तेव्हा हौसाबाईंचे डोळे वाहत होते, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही. देवाशी भांडता येतं, हे त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर कोणी तरी सांगितलं होतं, आणि सांगितलं त्यांच्याच आवाजात. गेले पाच महिने नवऱ्याला तगवण्याचा भार आपण एकटीने ओढतोय असं त्यांना वाटत होतं. ज्याच्याशी अण्णा रोज भांडत होते, तोही तो भार ओढत होता.

अण्णा पायऱ्या उतरले. आपल्या खुर्चीकडे न जाता ते मधल्या वाटेने सरळ चालत शेवटच्या बाकापर्यंत गेले. पोपट गडबडून उठू लागला, तर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि त्याच्या शेजारी बसले.

पुढच्या बाकावरची एक म्हातारी उठली आणि म्हणाली, माझा मुलगा युद्धावरून आला नाही, मीही भांडते. मालगाडीचा एक गार्ड उठला. मग एक नर्सबाई. अशी उपासना कल्याणात कधी झाली नव्हती आणि त्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत वेळही ठेवलेला नव्हता. पंढरीनाथराव दोनदा घड्याळ काढून बसले. तिसऱ्यांदा काढलं ते न बघताच परत खिशात टाकलं.

सुधीर पाचव्या उद्गारासाठी उभा राहिला तेव्हा अडीच वाजून गेले होते. त्याने लिहून आणलेला कागद उघडला नाही. "मी ठाण्याहून आलेलो ते अण्णांना न्यायला," तो म्हणाला. "मला वाटलेलं त्यांना आता विश्रांतीची तहान असेल. मी चुकलो." एवढं बोलून तो उतरला. घरातला तो सर्वांत छोटा उपदेश ठरला, आणि उत्तराने पुढे कित्येक वर्षं त्यावरून त्याला चिडवलं. पण त्या दिवशी ती नुसती सरकली आणि त्याला बाकावर जागा करून दिली.

सहावा झाला, मुलांचं गीत झालं. उरल्या सूचना. पंढरीनाथराव उभे राहिले, चष्मा लावला, खिशातून कागद काढला. कागदावर ठाण्याच्या पाळकांना बोलावल्याची सूचना आहे हे पंचांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून ते सगळ्यांना कळलं. पंढरीनाथरावांनी कागदाकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे पाहिलं. त्यांनी कागदाची घडी घातली.

"ईस्टरची उपासना रविवारी पहाटे सहा वाजता," ते म्हणाले. "उपासना चालवतील..." इथे त्यांचा पोस्टमास्तरी आवाज जरा फसला. "रेव्हरंड हरिहर पाटोळे आणि सौभाग्यवती हौसाबाई पाटोळे. सर्वांनी वेळेवर यावं."

आपलं नाव सूचनेत ऐकून हौसाबाईंनी दचकून पदर सावरला. गुड फ्रायडेला चर्चमधून बाहेर पडताना कोणी बोलत नाही, तशी जुनी रीत आहे. लोक मुकाट्याने उठले. उत्तराने आईचा हात धरला, दुसरा सरोजने धरला, आणि तिघी दाराशी आल्या. तिथे अण्णा आणि पोपट उभे होते. पोपट टोपी हातात चुरगाळत होता. रीत मोडायची त्याला भीती वाटत होती, पण राहवतही नव्हतं.

"अण्णा," तो अगदी हळू म्हणाला, "ईस्टरला रतनच्या आईला घेऊन येतू. दोन वर्सं ती आली न्हाई. तुमी तिला काय सांगू नका. नुसतं बसा तिच्यापाशी."

अण्णांनी पाटी हौसाबाईंकडे दिली, दोन्ही हात मोकळे केले आणि पोपटचे हात धरून मान हलवली.